न झालेल्या मैफलीची दाद

श्रावणात एका सोमवारी भाऊ गेला. तो तबला वाजवायचा. तो वाचायचा ते संगीत मासिक मी राजारामपुरीतल्या स्टॉलवरून आणत राहिलो.

तिथे एक गृहस्थ बोट ओलं करून उभ्यानेच अंक चाळायचे आणि पानापानाला नाक मुरडायचे. एकदा त्यांनी अंक माझ्यापुढे धरला.

“पावणं, ही मंगळवार पेठेतली मैफल बघा. मी गेलतो की! गवयाचा घसा बसला, चहा पिऊन समदी घरला आलो. आन ह्यात छापलंय, रसिक न्हाऊन निघालं!”

“पूर्वी असं नव्हतं,” मी म्हणालो.

“कशावरनं?”

भावाचं कौतुक आयुष्यात एकदाच छापून आलं, तेही याच मासिकात. त्या मैफलीला मी नव्हतो.

आता माझ्याकडे ते कात्रण आहे, आणि त्यातला एकही शब्द मला खात्रीने खरा वाटत नाही.