अक्कलदाढ आणि दूधआई

माजिदाची अक्कलदाढ ठणकत होती, पण तिचं लक्ष होतं जाऊबाईंच्या पदराकडे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या घरात दोन्ही सुनांच्या मांडीवर तान्ही लेकरं होती. थोरल्या समराचा सोहेब गुटगुटीत, माजिदाची इफ्रा चणीने लहान. "समराचं दूध वाहतंय नुसतं," सासू आल्यागेल्याला सांगे. ते बोल दाढेपेक्षा जास्त ठणकत.

गाल सुजला तेव्हा सासू म्हणाली, "गोळी घे की. तवर इफ्राला समरा पाजंल. गोळीचं दूध पोरीच्या अंगात नको."

"एवढं न्हाय दुखत, अम्मी."

दुखत होतं. पण समराने पाजलं की ती इफ्राची दूधआई होणार. नातं जन्माचं, सख्ख्या आईसारखं; दूधभावंडांत पुढे निकाहही होत नाही. उंची, रंग, सासूचं कौतुक, सगळं समराकडे आधीच गेलं होतं. पोर तरी आपली एकटीची राहावी, म्हणून माजिदा दाढेत लवंग धरून कॉलरी शिवत राहिली. जेवण कमी झालं, दूध कमी वाटू लागलं, इफ्रा किरकिरू लागली. शेवटी समराने हात पुढे केले, तशी माजिदाने पोर उराशी धरली आणि थेट दातांचा दवाखाना गाठला.

"बाळ अंगावर पितं," तिने बसण्याआधीच सांगितलं.

"बरं केलंस सांगितलंस," डॉक्टरीणबाई दाढ तपासून म्हणाल्या. "पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनही चालतं, पण जेवणानंतर. दुधात अगदी थोडं उतरतं. लिहून देते तेवढंच घे. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत नको. अ‍ॅस्पिरिन, कोडीन टाळ. दुकानातून सुटी गोळी आणू नकोस. बाळ सुस्त वाटलं तर लगेच दाखव."

"मग पाजू?"

"खुशाल."

घरी येऊन माजिदाने जेवून गोळी घेतली आणि सासूसमोरच इफ्राला पदराखाली घेतलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणंही तिला सांगितलं.

संध्याकाळी समरा चुलीपाशी हळूच म्हणाली, "माझी बी कंबर लई धरती गं, सोहेब झाल्यापासनं. गोळी घेतली तर अम्मी त्याला तुझ्याकडं देतील, म्हणून गप हाय."

ठणकू दे की जरा, असं माजिदाच्या मनात आलंच. तिने भाकरी उलटली.

"माझ्या गोळ्या देणार न्हाय, भाभी. तुमचं दुखणं येगळं. उद्या डॉक्टरांकडं जाऊ."

"आन् सोहेब?"

"त्याला तुमीच पाजा. लई पितो तो, माझं दूध न्हाय पुरायचं त्याला."