तिसरा खटका

मिस्त्रींच्या मते ऑटोमॅटिक गाडी म्हणजे पाळणा. आत बसायचं आणि डुलक्या घ्यायच्या. हे मत त्यांनी अनेक मालकांना, त्यांच्याच गाडीखाली आडवं पडून, ऐकवलं होतं. त्यामुळे बायकोच्या जुन्या गाडीत ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताहेत म्हटल्यावर गल्लीतले लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

कारण साधं होतं. वहिनींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, डावा घोटा मोडला, त्यात धातूची पट्टी बसली आणि क्लच दाबणं कायमचं सुटलं. पूर्वी दर शनिवारी त्या एकट्या गाडी काढून गावाच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जात. आता मिस्त्री सोडायला जात आणि दोघी बहिणींच्या मधोमध बसून घड्याळ बघत. वहिनींनी जाणंच बंद केलं. तेव्हा इंजिन म्हातारं झालंय असं जाहीर करून मिस्त्रींनी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलायला काढले.

मेव्हणा मदतीला आला होता; म्हणजे जॅकचा दांडा धरून सल्ले देत होता. वहिनी दारात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या.

नवं इंजिन जागेवर बसलं होतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी कन्व्हर्टर म्हणून एक पातेल्याएवढा गोल डबा असतो. तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर सरकवून फिरवत राहायचं. तीनदा ‘खट्’ करत तो आत उतरतो. तिसऱ्या खटक्याला तेलाच्या पंपात बसतो. तो नीट बसायच्या आधी बोल्ट आवळले, तर पंपाचा चुरा. “बोल्टने ओढायचं नाही, फट हाताने मिटली पाहिजे!” हे मिस्त्री जन्मभर दुसऱ्यांवर ओरडत आले होते.

गिअरबॉक्स वर गेला, इंजिनाला भिडायला आला आणि बोटभर फट राहिली.

“थोडं ओढून घ्या की, भावोजी,” मेव्हणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मिस्त्रींनी पाना लावला.

“अहो, कन्व्हर्टर हाताने फिरतोय का?” दारातून आवाज आला.

“फिरेल गं.”

“फिरतोय का, विचारलं मी.”

मिस्त्रींनी फटीतून बोटं घातली. कन्व्हर्टर जागचा हलेना.

“परक्यांच्या गाड्यांना जीव लावता. माझ्याच गाडीला बरी घाई सुचली.”

“ताई, तुला यातलं काय कळतं?”

“गप रे! लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी. पोरं याच ओरडण्यावर झोपायची.”

मिस्त्रींनी पाना ठेवला. गिअरबॉक्स खाली घेतला, कन्व्हर्टरला दोन्ही तळवे लावले आणि आजारी माणसाची पाठ चोळावी तसा तो हळूहळू फिरवत बसले. मटार सोलणं थांबलं. बऱ्याच वेळाने आत तिसऱ्यांदा ‘खट्’ झालं. ते वहिनींना आधी ऐकू आलं.

या खेपेला गिअरबॉक्स आपसूक इंजिनाला चिकटला. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले.

शनिवारी गल्लीच्या टोकापर्यंत मिस्त्री शेजारी बसले. वहिनींचा डावा पाय क्लच शोधत होता. मिस्त्रींचाही. कोपऱ्यावर वहिनींनी गाडी थांबवली.

“उतरा.”

“का? कसला आवाज येतोय?”

“कसलाच नाही. म्हणूनच उतरा.”

मिस्त्री उतरले. दार हलकेच लावलं. गाडी वळली, आणि पहिल्यातून दुसऱ्यात गिअर पडला तो त्यांना नुसता कानाने कळला. त्यांनी मान डोलावली. मग आजूबाजूला कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली आणि पाळण्याला हात केला.