अठराव्या मिनिटाची घंटा

सेवा क्लबात त्याला सगळे घड्याळमास्तर म्हणत. घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान, आणि मंगळवारच्या सभेत पाहुण्यांची वीस मिनिटं मोजायचं काम. वीस झाली की टेबलावरची पितळी घंटा वाजवायची. मंत्री असो वा माळी, पाहुण्याने वाक्य तिथेच सोडून बसायचं. बावीस वर्षांत त्याचं घड्याळ कुणी तपासलं नव्हतं.

त्या मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. अंध मुलांसाठी त्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. आवाज बसका, बोलणं संथ. पंखा कुरकुरत होता, मागे दातांचे डॉक्टर पेंगत होते, कोपऱ्यात चहा निवत होता. मास्तर कंटाळला. अठराव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "आता मी ज्यासाठी आले ते..." आणि त्याचा हात घंटेवर पडला.

बाई कसनुशा हसल्या आणि बसल्या. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी पेन भेट दिलं.

खुर्च्या आवरताना बाईंचा कागद त्याला सापडला. शेवटच्या दोन ओळींखाली रेघ होती: 'घशामुळे महिनाअखेरीस माझं वाचन बंद होतंय. माझ्या जागी दोन माणसं हवीत.'

रात्री जेवताना त्याने तो कागद दोनदा खिशातून काढून वाचला. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलला.

"मग मला काय सांगताय? त्यांना सांगा की!"

सकाळी तो बाईंच्या दारात उभा राहिला. तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "अहो, चूक माझीच. घरी तीनदा घड्याळ लावून वाचलं होतं, एकोणीस मिनिटांत बसायचं. तिथे जीभ जड झाली असणार. वय झालं, दुसरं काय!"

"कागद राहिला होता तुमचा," एवढंच तो पुटपुटला आणि जिना उतरला.

आठवडाभर दुकानातली घड्याळं त्याच्याकडे रोखून बघत राहिली. गिऱ्हाइकाने "वेळ बरोबर लावलीत ना?" विचारलं, तरी त्याची कानशिलं तापायची.

पुढच्या मंगळवारी पाहुणे बोलायच्या आधी तो उठला.

"गेल्या खेपेला मी अठराला घंटा वाजवली. बाईंचं चुकलं नव्हतं. मला कंटाळा आला होता."

"मास्तर, तुमचं घड्याळही पुढे पळतं म्हणायचं!" डॉक्टर हसले. बाकी कुणी हसलं नाही.

त्याने बाईंच्या कागदावरून उतरवून ठेवलेल्या त्या दोन ओळी वाचल्या. वाचताना दोनदा अडखळला.

"एक मी. वाचायची सवय नाही, पण शिकेन. इथून थेट बाईंकडे जाऊन हेच सांगणार आहे. दुसरं कोण?"

त्याने घंटा अध्यक्षांपुढे सरकवली. सगळे आपापल्या कपांत बघत होते. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बसा आता, मास्तर."

तो बसला नाही. मनगटावर नजर ठेवून उभा राहिला. बाईंच्या कापलेल्या दोन मिनिटांतलं सव्वा मिनिट अजून शिल्लक होतं.