मिठातले डोळे

डबा उघडताच वास आला. जवसाचे तेल उन्हात उघडे राहिले की येतो, तसा. आत बैलाचे दोन डोळे होते आणि त्यांच्यावर खड्याच्या मिठाचा जाड थर.

"मीठ कुणी लावलं?"

"म्याच," बसाप्पा म्हणाले. जतजवळच्या गुरांच्या छावणीतून ते एसटीने सांगलीला, आमच्या प्रयोगशाळेत आले होते. "बरफ वाटंतच पाणी झाला, बाई. कातड्याला लावत्यात तसं लावलं. टिकंल म्हनलं."

त्या दुष्काळात छावणीतली जनावरे वाळल्या कडब्यावर तगून होती, आणि दिवस मावळला की त्यांना दिसेनासे होई. डोळ्याच्या मागे रेटिना नावाचा पातळ पडदा असतो. प्रकाश त्यावर उमटतो. त्यातला मेद फॅटी अ‍ॅसिडच्या साखळ्यांचा बनलेला असतो. सर्वांत लांब साखळी सर्वांत नाजूक. हवा आणि मीठ लागले की तीच आधी नासते. उपासमारीत ती घटते का, हे मला पाहायचे होते. म्हणून मेलेल्या जनावरांचे डोळे आम्ही छावणीकडे मागितले होते, बर्फात, अंधारात ठेवलेले.

बसाप्पांच्या जोडीतला एक बैल मेला होता. मेलेले जनावर अख्खे मातीला द्यायचे, ही त्यांच्या घरची रीत. उरलेल्या बैलाची नजर वाचेल, या आशेने त्यांनी ती मोडली होती.

मी रेटिना सोडवला, मेद वेगळा केला. यंत्राच्या कागदावर लांब साखळीच्या जागी उंचवटा उमटलाच नाही. नुसती सपाट रेघ.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, खूश झाले. "दुष्काळानं मेद संपला. पेपर तयार आहे तुमचा."

"दुष्काळानं नव्हे, सर. मिठानं. वास घ्या."

सरांनी डबा नाकाशी नेला, आणि खिडकी उघडली.

पुढच्या आठवड्यात बसाप्पा पुन्हा आले.

"काय म्हनत्यात डोळं?"

"काही कळलं नाही. खराब झाले होते."

"माज्या मिठानं?"

मी दुसऱ्या बैलाचे विचारले.

"आता दिसाबी दिसंना त्येला. बादली वाजवली की आवाजाकडं तोंड नेतोय."

त्या आंधळेपणावरचा उपाय आम्हाला आधीपासून ठाऊक होता: वेळेवर मिळालेला हिरवा चारा. तो मागणे आमच्या खात्याच्या कामात बसत नव्हते. डोळे मागणे बसत होते.