दत्तमहाराजांनी मला लांब बसवलं

सन दोन हजार एकोणीस. वय माझं एकाहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, पण घरात शब्द माझाच. बायको कधीच गेली, पोरगा ट्रकवर. सुनेला सहावा महिना, म्हणून कुरुंदवाडच्या डॉक्टरीणबाईंकडं तिला मीच घेऊन गेलतो. शेजारी खुर्ची ओढून बसलो. बाई म्हणाल्या, "बाळाची वाढ कमी आहे. मिश्री लावतेस का गं?" सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि "न्हाय" म्हणाली. मीही छाती पुढं काढून सांगितलं, "आमच्या घरात असलं चालत न्हाय!"

तिथनं सुनेला घेऊन थेट नरसोबाच्या वाडीला, दत्ताच्या देवळात गेलो. महाराजांपुढं डोकं टेकून हट्टच धरला, नातवंड सुखरूप पाहिजे म्हणजे पाहिजे! मग घाटावर सुनेजवळ बसलो, तर एक अनोळखी म्हातारी तरातरा आली.

"पावणं, उठा. लांब जाऊन बसा."

"का? सासरा हाय मी तिचा!"

"म्हणूनच की! तुमच्यापुढं ती तोंड उघडंल व्हय?"

जन्मात मला कुणी असं उठवलं नव्हतं. डोकं तापलं, पण काय झालं कुणास ठाऊक, पाय आपसूक चालायला लागले. लांबच्या पायरीवर जाऊन बसलो. हाक आली तेव्हा सून रडत होती, पायरीवर मिश्रीची डबी होती. मी देवापुढं असताना पदराआड तिला दातावर बोट फिरवताना म्हातारीनं बघितलं होतं. म्हातारी मला म्हणाली, "मीबी मिश्री लावायची, माझं एक पोटातच गेलं. मला कुणी सांगितलंच न्हाय हो. हिला परत दवाखान्यात न्या, आणि तुम्ही भाईर बसा."

बसलो बाहेर! सुनेचं सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीतनं रक्तात जाते, नाळेतनं बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं, बाळ सुकतं, दिवसांआधी होतं, कधी दगावतं. दारू नको, मनानं घेतलेल्या गोळ्या नकोत, आणि आजोबा, घरात तुमच्या विडीचा धूरही नको. मग काय, तिनं मिश्री सोडली, मी विडी! सुनेचं डोकं ठणकायचं, माझा हात सारखा विडीच्या खिशाकडं जायचा, दोघं बडीशेप चघळत एकमेकांवर खेकसायचो. पण पुढच्या तपासणीला बाळ वाढलेलं! दिवस भरले आणि नात झाली. अंगानं जरा बारीक, पण रडली अशी की अख्खा दवाखाना जागा झाला!

ती म्हातारी कोण, कुणी धाडली, मला कळत नाही आणि मी वादही घालत नाही. मी महाराजांना हुकूम सोडायला गेलो होतो. त्यांनी मला नुसतं बाजूला व्हायला लावलं आणि बाकीचं स्वतः केलं. माझ्यासारख्या ताठ मानेच्या माणसावर एवढी माया! आठवलं की अजून डोळे भरतात.

नातीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिलेबी घेऊन गल्लीभर फिरलो. दारोदार ओरडत होतो, "नात झाली! मिश्रीची डबी टाका, मगच जिलेबी!" शेजारची वैनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, आधी तुमचा खिसा दावा."

भर गल्लीत दोन्ही रिकामे खिसे उलटे करून दाखवले.