जवळा की इंजेक्शन

कुठलं औषध कुणाला बाधलं ते शोधणं, हे डहाणूतल्या हॉस्पिटलात माझं काम. रोज वॉर्डात फिरायचं आणि विचारायचं, "औषधानं काही त्रास?" उधव्याकडच्या पाड्यांवरचे पेशंट अंगभर चट्टे घेऊन "नाय" म्हणतात. त्रास सांगितला की आणखी एक सुई बसते, हा त्यांचा अनुभव. तो खोटा नाही.

सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींना मात्र विचारावं लागलं नाही. हाताला माशाचा काटा लागून पू झाला होता, म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. धावाधाव झाली, मावशी वाचल्या. पण इंजेक्शनच्या जरा आधी त्यांनी घरून आलेला जवळा-भात, म्हणजे सुकी बारीक कोलंबी आणि भात, खाल्ला होता. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून इंजेक्शन बदललं आणि मासळीही बंद केली. मावशी बऱ्या झाल्या आणि दोषी कोण ते कळायची सोय राहिली नाही.

बाजाराला तेवढी अडचण नव्हती. "हिला मासळी बाधली" हे संध्याकाळपर्यंत तिथं पक्कं झालं होतं. जवळा खाऊन जिचं स्वतःचं तोंड सुजतं, तिच्याकडून जवळा कोण घेणार? टोपलीशी बसलेली सून रडकुंडीला आली.

मी मावशींना म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात तपासणी होते, तोवर मासळीला हात लावू नका. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी, वॉर्ड माणसांनी भरलेला असताना, त्यांनी सुनेचा डबा उघडला आणि जवळा खायला लागल्या. मी पोचलो तेव्हा डबा अर्धा झाला होता. ज्याचा संशय तेच पुन्हा देऊन पाहणं ही आमच्या कामातली सर्वांत पक्की परीक्षा, म्हणूनच ती सहसा कुणी करत नाही. श्वास लागलाच तर द्यायच्या औषधाची भरलेली सिरिंज घेऊन मी कॉटशेजारी उभा राहिलो. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मावशी बोटं चाटत होत्या.

"मेला असतात म्हणजे?"

"मंग कळला असता सगल्यांना."

काही झालं नाही. ते अँटिबायोटिकचं इंजेक्शन पुन्हा कधीही घ्यायचं नाही असं बजावून मी रिपोर्ट वाचून दाखवला: कारण, बहुधा इंजेक्शन.

"बहुधा कशाला?"

"आमच्यात यापुढं जात नाहीत, मावशी."

"बहुधा चांगला हाय, असा सांगून मी जवळा इकू?"

त्या घरी गेल्यावर एका सकाळी मी पांढरा कोट घालूनच बाजारात गेलो, त्यांच्या टोपलीसमोर उभा राहिलो आणि चिमूटभर जवळा कोरडाच तोंडात टाकला. आजूबाजूच्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. मावशींनी मला चावून गिळू दिलं, मग अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यांची सुई मला बाधली. माझा जवळा यांना नाय बाधत."