फॉर्मॅट मारण्याआधी

पेणच्या दुकानदाराने लॅपटॉप नीट पाहिलाही नाही. बटण दाबलं, निळी पाटी आली, आणि ती वाचायच्या आधीच त्याने निकाल दिला: फॉर्मॅट मारावा लागेल. आतलं काही राहील का, असं मी विचारलं, तर म्हणाला, आतलं सगळं जाणारच की मॅडम. कोळंबीची सालं टाकायला सांगावं इतक्या सहज. मी लॅपटॉप त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्या लॅपटॉपमध्ये माझ्या हळदीचं रेकॉर्डिंग होतं. त्यात माझी आत्या गात होती.

आत्या आमच्या पट्ट्यातली धवलारीण. आगरी लग्नात भटजी येईल तेव्हा येईल, पण धवलारणीवाचून पान हलत नाही. मेढ, म्हणजे मांडवाचा खांब, रोवण्यापासून प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच गाते. आत्याचा एक कडक नियम होता. मांडवाची मेढ रोवल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. शिकवायलाही नाही आणि कुणाला लिहून द्यायलाही नाही. शिकायचं असेल त्या बाईने मांडवात मागे बसून झील धरावी, तिच्या ओळी मागून उचलाव्यात. तिची शेजारीण अशीच मागे बसून तयार झाली होती. पण हळदीच्या धवल्यात नवरीच्या एकेका नातलग बाईचं कडवं असतं आणि शेवटी आईचं येतं, लांबलचक आणि वेगळ्या चालीचं. तिथे आत्या एकटीच गायची आणि शेजारीण नुसते ओठ हलवायची.

यंदाच्या पावसाळ्यात आत्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ‘हां’ एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी हां, रडू आलं तरी हां. आणि आता तिच्याच नातीचं लग्न आलं होतं. दुसरी धवलारीण आणू, असं माझा आतेभाऊ म्हणाला. वहिनीने ऐकलं नाही. माझ्या लेकीला तिच्या आजीचाच धवला लागेल, मग तो शेजारणीने गायला तरी चालेल, यावर ती अडून बसली. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं त्या एका कडव्यावर.

माझ्या लग्नाच्या व्हिडिओवर शूटिंगवाल्याने सिनेमाची गाणी चढवलेली, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. फक्त आतेभावाने मोबाईलवर हळद रेकॉर्ड करून या लॅपटॉपवर टाकली होती. तो मोबाईल पुढे होडीतून उतरताना रेवसच्या खाडीत गेला.

मी शाळेच्या कार्यालयात संगणकावर बसते. आमची जुनी मशीनं विंडोजऐवजी एका हलक्या लिनक्सवर चालतात. ते पेनड्राइव्हवरूनही चालू होतं आणि मशीनच्या डिस्कला हात लावत नाही, हे मला ऐकून ठाऊक होतं. शाळेतल्या मशीनवर मी तसा पेनड्राइव्ह बनवला आणि हळदीच्या दिवशी सकाळीच आत्याच्या घरी पोचले. दारात मेढ रोवून झाली होती. डेकोरेशनवाले कापड ताणत होते. पडवीत आत्या खाटेवर टेकून बसली होती, तिच्या पायाशी शेजारीण. मी लॅपटॉप खाटेवरच ठेवला, कारण त्याची बॅटरी मेलेली आणि चालणारा एकमेव प्लग तिथेच.

एका बाजूची यूएसबी गंजली होती, दुसरीत पेनड्राइव्ह बसला. काळ्या पडद्यावर यादी आली. पहिली ओळ नुसतं वापरून पाहण्याची, तिच्याखाली इन्स्टॉल, म्हणजे डिस्क पुसून बसवण्याची. खाऱ्या हवेने खालच्या बाणाचं बटण चिकटलेलं. हात न लावताच निवड खाली सरकली. मी नखाने बटण उचकटून ती परत वर आणली.

पडदा उजळला. कोपऱ्यात डिस्कचं चित्र दिसलं आणि त्याच्या शेजारीच इन्स्टॉलचं. ही दोन शेजारी ठेवणाऱ्याला मी मनात आमच्याकडच्या खास शिव्या घातल्या. टचपॅड उडी मारत होतं. मी डिस्कवर टिचकी मारली आणि उघडलं नेमकं इन्स्टॉल. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं त्याने विचारलं. शेवटी मी टचपॅड सोडून एस्केप दाबलं, आणि खिडकी बंद झाली. तेवढ्यात अख्खा लॅपटॉपच विझला. बाहेर डेकोरेशनवाल्याने वायर जोडायला मेन स्विच पाडला होता.

मी बाहेर जाऊन काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी मात्र उंबऱ्यात बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “गेला का गो सगला?”

मला माहीत नव्हतं. तसं तिला सांगितलंही.

लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी टचपॅडला बोटही न लावता बाणाच्या बटणांनी डिस्कपर्यंत पोचले. ती उघडली, पण फक्त वाचता येईल, आत काही लिहिता येणार नाही, अशी सूचना घेऊन. वाचता येणं एवढंच तर मला हवं होतं. हळद नावाच्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती. आधी ती केबलने माझ्या मोबाईलवर उतरवली आणि मगच लावली.

पडवीत आत्याचा धडधाकट आवाज भरला. शेजारणीने लगेच झील धरली. काकीचं कडवं झालं, मामीचं झालं, मावशीचं झालं. आणि मावशीनंतर आत्या थेट धवल्याच्या शेवटाकडे वळली.

आईचं कडवं त्यात नव्हतं.

मी मागे जाऊन पुन्हा लावलं. मावशी, आणि लगेच शेवट. मग माझ्या लक्षात आलं. माझी आई माझ्या लग्नाच्या आधीच गेली होती. आईवेगळ्या पोरीपुढे ते कडवं गायला नको, म्हणून आत्याने ते गाळलं होतं. हळद लावून घेताना मी रडत होते, मला तेव्हा कळलंही नव्हतं. वहिनीने पदर तोंडाला लावला. मला इतकी चीड आली, कुणावर ते सांगता येत नाही.

शेजारीण म्हणाली, “मावशीपासून एकदा लाव गो.”

मी लावलं. मावशीचं कडवं संपलं आणि रेकॉर्डिंगमध्ये आत्या दम घ्यायला थांबली. त्या थांबण्यात खाटेवरून आवाज आला. जाड आणि एका बाजूला ओघळणारा, पण सुरात:

“हलद कालवली गो कोनी, कोनी?
नवरीचे आयनी, नवरीचे आयनी...”

मी रेकॉर्डिंग बंद केलं. आत्या पुढे गात राहिली. महिनोन्महिने जिला पाणी मागता येत नव्हतं, तिच्या तोंडून ओळीमागून ओळ येत होती. शेजारीण खाली मान घालून एकेक ओळ उचलत होती. नवरीची आई उंबऱ्यातच होती, पण आत्या तिच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. डावा हात तिने माझ्या गालावर ठेवला, हळद लावतात तसा, आणि आईचं ते सबंध कडवं माझ्यासाठी म्हटलं.